ऑक्टाकोर आहे, तरी फोन अडकतो? या चुका टाळा

"दादा, ऑक्टाकोर आहे, तरी हँग होतो." दुकानात दिवसातून एकदा तरी हे ऐकावं लागतं. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक हात, ऑक्टाकोर म्हणजे असे आठ. पण आठ कोअर म्हणजे चारच्या दुप्पट वेग, हा हिशोब आधी डोक्यातून काढा.

मागच्या दिवाळीत एक काका आले. फोन मुलानं घेऊन दिलेला, खोक्यावर ठळक 'ऑक्टाकोर 2.3 गिगाहर्ट्झ'. किराणावाल्याकडे क्यूआर स्कॅन करायला घेतला की कॅमेरा उघडेपर्यंत मागची माणसं खाकरायला लागायची. मुलाचं ठाम मत, प्रोसेसरच खराब निघाला. सीपीयू-झेड हे चिपची माहिती दाखवणारं अ‍ॅप टाकून दाखवलं: आठही कोअर कॉर्टेक्स-ए53. म्हणजे 2012 सालचं डिझाइन, बॅटरी वाचवायला बनवलेला छोटा कोअर. चांगल्या चिपमध्ये तो पोऱ्या म्हणून असतो. इथे आठही पोरेच, कारागीर एकही नाही. बोट फिरवल्यावर स्क्रीन सरकणं, बटण दाबल्यावर पुढचं पान येणं, यातलं बरंचसं काम अ‍ॅपच्या एकाच मेन थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतं. पंगतीत वाढपी आठ, पण आमटीचं पातेलं एकच. 2015 च्या आयफोन 6एसमध्ये दोनच कोअर होते, पण एकेक दणकट. उलट हेलिओ एक्स20 या चिपमध्ये दहा, त्यातले दणकट दोन, बाकी आठ हेच ए53. हेलिओ जी85 सुद्धा ऑक्टाकोरच, पण त्यात दोन ए75 हे दणकट कोअर आहेत आणि तेवढ्यानं रोजच्या वापरात फरक कळतो.

काकांचं दुखणं मात्र अर्धं स्टोरेजचं होतं. 32 जीबीतले जेमतेम 900 एमबी मोकळे, एकट्या व्हॉट्सअ‍ॅपनं 11 जीबी अडवलेले. सुप्रभातची फुलं आणि कीर्तनाचे व्हिडिओ! ते काढायला काकांना राजी करण्यात अर्धा तास गेला, काढायला दहा मिनिटं. कोअर तेच राहिले, कॅमेरा मात्र पटकन उघडायला लागला. मी स्वतः पाव स्टोरेज कायम रिकामं ठेवतो.

रॅम साफ करणारी अ‍ॅप काढून टाका. ती जे बंद करतात ते पुन्हा पहिल्यापासून उघडायला प्रोसेसरच राबतो.

व्हर्च्युअल रॅमच्या आकड्याला भुलू नका, ती स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते.

चार्जिंगला लावून गेम खेळू नका. फोन तापला की चिप आपणहून वेग कमी करते.

नव्या फोनला पहिल्या दिवशीच नावं ठेवू नका, त्याचे अपडेट आणि फोटोंचं सिंक तर होऊ द्या. पण धीर कुणाला? रील बघून डेव्हलपर ऑप्शन्स ही लपलेली सेटिंग्ज उघडतात, बॅकग्राउंड प्रोसेस, म्हणजे मागे चालू राहणारी अ‍ॅप, शून्यावर आणतात आणि आठवड्यानं 'गाणं मध्येच बंद पडतं' म्हणून माझ्याच काउंटरवर!

व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा असेल किंवा मोठे गेम खेळायचे असतील तर जास्त कोअर कामी येतात, नाही असं नाही. पण कुणी फोन निवडून मागितला की मी आधी चिपचं नाव आणि सिंगल-कोअर स्कोअर, म्हणजे एकट्या कोअरच्या वेगाचे गुण बघतो. खोक्यावर नुसतं 'ऑक्टाकोर' असेल आणि चिपचं नावच नसेल, तर ते खोकं मी उघडतसुद्धा नाही.