कानाची मशीन घेतली, तरी मूल बोलत नाही? या चुका टाळा

मूल ऐकतं का हे बघायला घरोघरी पाठीमागे थाळी वाजवतात. मूल वळलं की सगळे निर्धास्त. पण त्याला सावली दिसते, फरशीची थरथर कळते, आणि थाळीचा दणका मध्यम श्रवणदोष असलेल्या मुलालाही ऐकू जातो. 'स', 'श' असे बारीक आवाज तेवढे निसटतात. त्यात आजी सांगते, "याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता." आजीचं प्रेम खरं, पण निदान तिच्यावर सोडू नका. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत मशीन व थेरपी सुरू, हे वेळापत्रक जगभर मानलं जातं.

ओएई या कानाच्या प्राथमिक तपासणीत 'पास' आलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ती आतल्या कानापुरती असते. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतला दोष तिला सापडत नाही. बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल किंवा कावीळ फार वाढली असेल तर बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का हे बघणारी तपासणी, करून घ्याच. बेराला बाळ शांत झोपलेलं लागतं. रिक्षात झोपून तिथे टक्क जागं झालं तर फेरी फुकट जाते, म्हणून वाटेत जागं ठेवा आणि दूध तिथेच पाजा.

आता मशीन. सगळ्यात जास्त तक्रारी इथेच. मूल ओढून काढतं, मग घरचे म्हणतात, "त्याला नको वाटतं, राहू दे," आणि मशीन डबीत जाते, पाहुणे आले की बाहेर येते. आधी कारण शोधा. शिट्टी वाजते? बहुतेकदा कानातला मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला मशीनचा तुकडा, सैल झालेला असतो. बाळाचा कान भराभर वाढतो, पहिल्या वर्षात दोन-तीन महिन्यांतच नवा मोल्ड लागू शकतो. कानात लाल झालंय? मोल्ड टोचतोय. मोठ्या आवाजाला दचकून रडतं? सेटिंग जास्त असेल, ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) दाखवा. स्वतः आवाज कमी करून ठेवू नका. आवाजच येत नाही? सेल बघा, मोल्डच्या भोकात मळ आहे का बघा, नळीत पाण्याचा थेंब आहे का बघा. पावसाळ्यात, कोकणात तर जास्तच, रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा. वापरलेला सेलही मुलाच्या हाती नको. गिळला तर तडक दवाखाना गाठा.

रोज सकाळी एक मिनिट काढा. मशीन घातल्यावर तोंड न दाखवता आ, ई, ऊ, म, श, स हे आवाज काढा. काल ओळखलेला आवाज आज चुकला, तर मशीनमध्ये किंवा कानात काहीतरी बिघडलंय. सर्दीनंतर कानात पाणी साचल्यानेही असं होतं. अशा वेळी कोमट तेल कानात घालायचा मोह आवरा.

आठवड्यातून एकदा स्पीच थेरपी, बाकी सहा दिवस टीव्ही, असं चाललं तर मशीन कितीही महागडी घ्या, भाषा येणार नाही. टीव्ही बंद करून, हातभर अंतरावर बसून, मराठीतच बोला: "भात वाढते हं, गरम आहे, फुंकर मार." शाळेत अडेल या भीतीने घरात मोडकं इंग्रजी आणू नका. खुणांची भाषा शिकवली तर बोलणं बंद पडेल, ही भीतीही निराधार आहे. मूल मुकं बसण्यापेक्षा हातांनी पाणी मागणं केव्हाही बरं.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी दार आधी ठोठवा. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा, ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून मशीन मिळते, कॉक्लिअर इम्प्लांटलाही (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) मदत होते, पण इम्प्लांटला वयाची अट आहे. म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद निदान झाल्या आठवड्यातच गोळा करायला घ्या.