बॉनमधलं बेथोवनचं घर कसं पाहावं

जर्मनीत मुलाकडे-मुलीकडे आलेले आईबाबा कोलोनचं कॅथेड्रल पाहतात, ऱ्हाइनमधून बोटीने फिरतात आणि परत जातात. बॉन तिथून लोकल गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. मी कोलोनला राहते आणि घरी आलेल्या पाहुण्यांना पाश्चात्त्य संगीतकार बेथोवनचा जन्म झालेल्या घरी नेल्याशिवाय सोडत नाही. "आम्हाला त्या संगीतातलं काय कळतंय?" असं बहुतेक जण आधी म्हणतात. ज्याने आयुष्यभर भीमसेन आणि कुमार ऐकलेत त्याचे कान तयारच असतात, त्यामुळे ही शंका मनातून काढूनच टाका.

तयारी एवढीच करा की आदल्या रात्री त्याच्या 'मूनलाइट सोनाटा' या पियानोवरच्या रचनेचा पहिला भाग दिवे मालवून दोनदा ऐका. पाच-सहा मिनिटांचा आहे. तीन-तीन स्वर एका संथ लयीत फिरत राहतात आणि त्यावर एक साधी, दुःखी चाल येते. 1801 मधल्या या रचनेचं बेथोवनच्या हातचं हस्तलिखित या घराच्या संग्रहात आहे, मात्र त्याचं पहिलं पान हरवलेलं आहे. जुना कागद उजेडाने खराब होतो म्हणून हस्तलिखितं आळीपाळीने मांडतात, तेव्हा नेमकं हेच दिसेल असं धरून जाऊ नका. जे दिसेल त्यातली खाडाखोड बघा. रागाने ओढलेल्या रेघा, पुसून पुन्हा लिहिलेले स्वर. बंदिश जागेवर बसेपर्यंत घासणारा माणूस आपल्या ओळखीचाच असतो.

डॉइचलांड-तिकीट (लोकल प्रवासाचा महिन्याचा पास) असेल तर ते आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही, लोकल गाडीच धरा. सुट्टीचा वार आणि वेळा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून ठेवा. बॉन स्टेशनवरून मुन्स्टरप्लाट्झ आणि मार्क्ट हे चौक ओलांडून घर आहे त्या बॉनगासे रस्त्यापर्यंत रमतगमत दहा-पंधरा मिनिटं लागतात. मुन्स्टरप्लाट्झवर 1845 सालचा बेथोवनचा पुतळा आहे. त्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा पियानोवादक लिस्टने स्वतःच्या खिशातून मोठी रक्कम घातली होती.

घर जुनं आहे. जिने लाकडी आणि अरुंद, खोल्या ठेंगण्या. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच तसं सांगा. 1889 साली बॉनच्या 12 नागरिकांनी संस्था काढून हे घर विकत घेतलं, नाहीतर ते पाडलंच गेलं असतं. बेथोवनचं कुटुंब मागच्या अंगाच्या छोट्या इमारतीत राहायचं. त्याचा बाप्तिस्मा 17 डिसेंबर 1770 चा. जन्माची म्हणून दाखवतात ती माळ्यावरची खोली इतकी लहान आहे की बघणारे "एवढीच?" म्हणतात. तिथे घाई करू नका. वडील दरबारात गायक, घरात पैशाची ओढ, आणि पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला जायचा. त्याची बोटं ज्या पट्ट्यांवर फिरली तो ऑर्गनचा कीबोर्ड याच घरात आहे, आणि दरबारच्या वाद्यवृंदात तो वाजवायचा तो व्हायोलाही (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं वाद्य).

सगळ्यात जास्त वेळ मात्र कानाच्या कर्ण्यांपाशी द्या. कमी ऐकू यायला लागलं तेव्हा मेट्रोनोम या लय मोजणाऱ्या यंत्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या मेल्त्सेलने त्याला पत्र्याचे हे कर्णे करून दिले. माझ्या बाबांच्या दोन्ही कानांत मशीन आहे. त्या कपाटासमोर त्यांनी एका कानातलं मशीन काढून तळहातावर धरलं, कर्ण्याकडे पाहिलं, पुन्हा मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "याला हे मिळालं असतं तर!" कर्ण्यांचा फारसा उपयोग झाला नाही. 1818 पासून भेटायला आलेली माणसं वहीत लिहून बोलायची आणि तो बहुधा तोंडी उत्तर द्यायचा, त्यामुळे त्या वह्यांमध्ये संभाषणाची एकच बाजू उरली आहे.

आता त्याचा शेवटचा पियानो पाहा. व्हिएन्नाच्या कॉनराड ग्राफने बनवलेला. आवाज वाढावा म्हणून यात बहुतेक स्वरांना चार-चार तारा आहेत. कर्णे पाहून मग या तारांकडे वळलात तर त्या कशासाठी, हे कुणी सांगावं लागत नाही. बरेच लोक उलट क्रमाने जातात आणि पियानोपाशी नुसता फोटो काढून पुढे सरकतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

भावांना लिहिलेलं 1802 चं ते प्रसिद्ध पत्र, ज्यात बहिरेपणामुळे जीव द्यावासा वाटला असं त्याने लिहिलंय, ते इथे शोधू नका. मूळ पत्र हॅम्बुर्गला आहे. त्याचं भाषांतर आधी वाचून गेलात तर उत्तम.

बाहेर पडल्यावर मार्क्टवर फळं घ्या, थोडं बसा. अंगात त्राण असेल तर स्टेशनकडे परतताना आल्टर फ्रीडहोफ या जुन्या दफनभूमीत जा. बेथोवनची आई 1787 मध्ये गेली, तेव्हा तो 16 वर्षांचा होता. तिची कबर तिथे आहे. रॉबर्ट आणि क्लारा शुमान या संगीतकार जोडप्याचीही तिथेच आहे, आणि ती शोधायला फाटकाजवळचा नकाशा बघितलेला बरा.