कोल्हापुरात नवीन बांधकामाचा ट्रेंड घरबसल्या कसा बघायचा

कळंब्याकडं जाताना, नाहीतर हायवेला उजळाईवाडीकडं, दर चार खांबाला एक होर्डिंग, आणि एजंटचं एकच पालुपद, "साहेब आत्ता घ्या, पुढल्या वर्षी रेट ऐकून चक्कर येईल". खरं तर बिल्डर लोक कुठं बांधायलेत, किती खपतंय आणि कितीला खपतंय हे सगळं त्यांनी स्वतःच सरकारकडं लिहून दिलेलं असतंय, फुकट बघायला मिळतंय, फक्त कुणी बघत नाही. एक निवांत संध्याकाळ आणि बऱ्यापैकी नेट एवढंच लागतंय.

पहिल्यांदा महारेराची साइट, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या सरकारी संस्थेची. प्रोजेक्ट सर्चमध्ये जिल्हा कोल्हापूर टाका, मग त्यातले करवीर तालुक्यातले, म्हणजे कोल्हापूर शहर आणि आजूबाजूचे प्रोजेक्ट बघा. यादी आली की प्रोजेक्टच्या नावाला भुलू नका, नोंदणीची तारीख, गाव आणि पूर्ण करायची तारीख बघा, हे तीन एका कागदावर उतरवत गेलात की कुठल्या वर्षी बिल्डरांची गर्दी कुठल्या बाजूला सरकली ते आपोआप दिसतंय. आता सगळे म्हणतात कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं म्हणून बांधकाम वाढलं. बेंच सुरू झालं १८ ऑगस्ट २०२५ ला, मग ज्या प्रोजेक्टची नोंदणी २०२३ ची आहे तो काय बेंच बघून उभारला काय? तारीख बघितली की निम्म्या गप्पा तिथंच गळतात.

मग एकेक प्रोजेक्ट उघडायचा. बिल्डरला दर तीन महिन्याला माहिती भरावी लागते, एकूण फ्लॅट किती, बुक किती, आर्किटेक्टच्या सर्टिफिकेटात काम किती झालंय. खरा ट्रेंड इथंच आहे बघा, कारण नवीन प्रोजेक्ट भाराभर आणि जुन्यातले निम्मे फ्लॅट पडून असतील तर ती तेजी होर्डिंगवरच आहे. पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढं ढकलली तेही बघा. जाहिरातीवर क्यूआर कोड असायलाच पाहिजे, १ ऑगस्ट २०२३ पासून सक्ती आहे, स्कॅन केला की थेट त्या प्रोजेक्टचं पान उघडतंय.

पण एक भानगड आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट, म्हणजे जवळपास पाच गुंठे, किंवा आठपर्यंत फ्लॅट, यातलं एक जरी लागू असलं तरी रेरा नोंदणी लागत नाही. आणि आपल्याकडं राजारामपुरीत, शाहूपुरीत जुना बंगला पाडून सहा-आठ फ्लॅटची अपार्टमेंट उठवायची पद्धत जुनीच, ती सगळी बांधकामं या यादीत दिसतच नाहीत. त्यामुळं यादी बघून "शहरात काय काम चालू नाही, सगळं उपनगरातच" असं ठरवू नका. अशा ठिकाणी महापालिकेच्या नगररचना विभागाची बांधकाम परवानगी बघायची, आणि पाचगाव, मोरेवाडी, उचगावसारखं हद्दीबाहेरचं गाव असेल तर प्राधिकरणाची, २०१७ ला झालेल्या कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरणात तशी ४२ गावं आहेत.

आता रेट, इथं जरा वेळ द्या. रेराच्या पानावर जागेचा रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) नाहीतर सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) दिलेला असतो, तो घेऊन नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जायचं, उर्वरित महाराष्ट्र निवडायचं (शहर आणि ग्रामीणचे टॅब वेगळे आहेत, पाचगाव शहरात शोधत बसू नका), वर्ष, जिल्हा, गाव, नंबर. साइट लई रडवते, कॅप्चा चुकतो, रात्री उशिरा जरा बरी चालते. पण एकदा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या कराराचा सरकारी गोषवारा, उघडला की करारात लिहिलेली किंमत, सरकारी बाजारमूल्य, क्षेत्रफळ, तारीख सगळं समोर. समजा करार ३८ लाखाचा आणि कार्पेट (फ्लॅटच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) ६० चौरस मीटर, तर ६० ला १०.७६४ ने गुणलं की ६४६ चौरस फूट, म्हणजे कार्पेटवर फुटाला साधारण ५,८८० रुपये पडले. तोच फ्लॅट बिल्डर "सेलेबल ९०४ फूट, रेट फक्त ४,२००" असा सांगतो, सेलेबल म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेजचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्रफळ. दोन प्रोजेक्टची तुलना कार्पेटवरच करा, आणि त्यात बाल्कनी धरू नका, रेराच्या व्याख्येत ती बसत नाही. एकाच बिल्डिंगचे वेगवेगळ्या वर्षांचे चार-पाच करार काढलेत की रेट खरंच चढलाय का नुसता बोलला जातोय ते कळतंय.

खर्चाची बाजू थोडक्यात. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला आणि रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो) २०२५ मध्ये ६.५ वरून ५.२५ वर आला, त्यामुळं "मटेरियल महागलं" एवढंच कुणी सांगत असेल तर कुठलं मटेरियल ते विचारा. चालू बांधकामातल्या फ्लॅटला जीएसटी ५ टक्के, पण ४५ लाखापर्यंतचा आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतला असेल तर १ टक्का, म्हणून ४५ च्या किंचित खाली किंमत दिसली तर नवल नको. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतला तर जीएसटीच नाही.

आणि पाणी. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटाच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ आहे. तेव्हापासून लोकांची नजर कळंबा, पाचगाव, आर. के. नगरच्या उंच बाजूला वळली यात नवल नाही, पण तिकडं उन्हाळ्यात टँकर किती येतात ते शेजारच्या जुन्या अपार्टमेंटमधल्या एखाद्या वहिनींना विचारा, सेल्स ऑफिसात विचारू नका. नागाळा पार्क, दुधाळी, कदमवाडी, शाहूपुरी कुंभार गल्ली या बाजूला बघत असाल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाही, निळ्या-लालच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यायच्या अटीवर मिळतं. "खाली पार्किंगच आहे, पाणी आलं तरी फ्लॅटला काय नाही" असं सांगतील, तर लिफ्टची मशिनरी, मीटर बोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर कुठं बसवलेत ते दाखवा म्हणायचं.

पसंत पडलंच तर रजिस्टर करार व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, तसं घेणं बिल्डरला कायद्यानं बंद आहे. आणि घाई नसेल तर टोकन द्यायच्या आधी एक तिमाही जाऊ द्या, महारेराचं तेच पान परत उघडा, बुक झालेल्या फ्लॅटचा आकडा जागचा हलला नसेल तर त्याची प्रिंट काढून रेट बोलायला जा.