एमजीबीच्या पोटाखाली शिरण्यापूर्वी: तयारीची यादी

स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं, आणि त्या दिवसापासून क्लच सोडताना मागून ‘टक्क’ असा ठोका येऊ लागला, की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं: ‘हाऊसिंग (मागच्या एक्सलचं कवच) गेलं.’ एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तिच्या बाबतीत हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं निघतं. असा ठोका सहा-सात जागांहून येऊ शकतो आणि त्यातल्या सगळ्यात स्वस्त जागाच सगळ्यात जास्त वेळा दोषी असतात. क्राउन-पिनियनचा, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचा, नंबर शेवटचा. आपल्याकडे या गाडीचे सुटे भाग इंग्लंडहून मागवावे लागतात. वाहतूक खर्च आणि ड्युटी प्रत्येक खेपेला वेगळी. म्हणून गाडी उचलण्याआधी कागद-पेन्सिल घ्यायची, आणि खोलण्याआधी मोजायचं.

कागदावर पहिल्यांदा आपली गाडी नेमकी कोणती ते लिहा. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी बनल्या आणि त्यांच्या पोटाखालचा ऐवज सारखा नाही. मागचा एक्सल दोन जातींचा. सुरुवातीच्या रोडस्टरला, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीला, बॅन्जो एक्सल होता. त्याची पाठ गुळगुळीत, बंद असते आणि नट पुढच्या बाजूला असतात. १९६५ साली आलेल्या जीटीला (बंद टपाच्या गाडीला) पहिल्यापासून आणि १९६७ नंतर रोडस्टरलाही ट्यूब एक्सल मिळाला; याच्या पाठीवर बोल्टनी बसवलेलं पत्र्याचं झाकण दिसतं. दोन्हींचं गुणोत्तर एकच, क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ११ दात, म्हणजे ३.९०९. पण भाग अदलाबदलीचे नाहीत. शिवाय तारांच्या चाकांचा ट्यूब एक्सल हा साध्या डिस्क चाकांच्या एक्सलपेक्षा आखूड असतो. गिअरबॉक्सचं मॉडेल आणि एक्सलची जात बदलली की गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबीही बदलते, तेव्हा शाफ्ट मागवायचाच झाला तर कॅटलॉगातल्या वर्षावर विसंबू नका. फ्लँज ते फ्लँज (जोडाच्या चकतीपासून चकतीपर्यंत) टेपने मोजा. पन्नास-साठ वर्षांत या गाड्यांचे एक्सल आणि गिअरबॉक्स कितीदा बदलले गेले असतील, त्याची नोंद आरसी बुकात नसते.

दुसरी तयारी रस्त्यावरची. सोबत एक माणूस मागे कान लावून बसवा आणि चार गोष्टी लिहून आणा. ठोका फक्त रेस दिल्या-सोडल्यावर येतो का? हळू चालताना चाकाच्या फेऱ्यागणिक ‘टिक-टिक’ येते का? ठरावीक वेगाला थरथर सुरू होते का, आणि त्याच वेगात गाडी न्यूट्रलला टाकली तरी ती राहते का? राहिली तर दोष शाफ्टात, चाकात किंवा टायरमध्ये आहे. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ती कमी झाली तर पुढे, क्लच-इंजिनाकडे पाहा. चौथं म्हणजे गुणगुण. ती ओढताना एका सुरात आणि रेस सोडल्यावर दुसऱ्या सुरात येत असेल तरच क्राउन-पिनियनवर संशय घ्यायचा. ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जोड) असेल तर तो चालू ठेवून कधीही रिव्हर्स टाकू नका. आतला एकदिशा क्लच त्यातच जातो आणि मग पोटाखालचं काम थेट इंजिन-गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत पोचतं.

आता गाडी उचलणं. जॅक एक्सलखाली लावताना तो ट्यूब एक्सलच्या मागच्या झाकणाला टेकता कामा नये. पत्रा दबला की पॅकिंग कितीही चांगलं लावा, तेल झिरपतच राहतं. घोड्या (गाडी धरणारे स्टँड) पाट्यांच्या (मागच्या स्प्रिंगांच्या) पुढच्या ब्रॅकेटखाली लावा, पण आधी तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. ‘ठण’ वाजला पाहिजे. ‘भद’ वाजला तर आत गंज आहे, जागा बदला. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. बॅटरीची अर्थ तार काढा, आणि इथे सवयीवर जाऊ नका: १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॉडीला जोडलेलं टोक प्लस असतं. क्रोम बंपरच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मागच्या एक्सलच्या थोड्या पुढे, शाफ्टच्या दोन बाजूंना लटकवलेल्या असतात. अ‍ॅसिडने त्यांचे पाळणे कुजलेले असतात, आणि पोट घासल्यावर सगळ्यांची नजर शाफ्टवर जाते, पाळण्यांवर जात नाही. तिथे बोट फिरवून बघाच. पेट्रोल आणि ब्रेकची नळी, हँडब्रेकची तार हेही त्याच पट्ट्यात आहे. चेपलेली ब्रेकची नळी सरळ करून वापरायची नसते, बदलायची.

हत्यारांत मेट्रिक पान्यांचा सेट पुरणार नाही. नट-बोल्ट इंची, पाने एएफ, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराने मोजलेले. बहुतेक ठिकाणी १/२ आणि ९/१६. ९/१६ म्हणजे १४.२९ मिलिमीटर, त्यामुळे १४चा बसत नाही आणि १५चा कोपरे खातो. त्याशिवाय टॉर्क पाना, डायल गेज, चुंबकी स्टँड, सर्क्लिपचा चिमटा, मजबूत व्हाइस, पंच आणि पांढरा रंग. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. बोल्ट सोडायला बसल्यावर मारलेल्या तेलाचा उपयोग फक्त डोळ्यांत टपकण्यापुरता.

तपासणी चाकापासून आत अशी करायची. तारांची चाकं असतील तर एक मागचं चाक उचला, दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. हब स्थिर आणि चाक हलतंय, तर स्प्लाइन (हब आणि चाकाचे एकमेकांत बसणारे दात) झिजलेत. ठोका इथेच सापडला. स्प्लाइनचे दात बोटाने बघा: माथा सपाट असायला हवा, धार आली असेल तर हब आणि चाक दोन्ही बदलावं लागतं, कारण नव्या हबला जुनं चाक लगेच खातं. मग पाटे. यू-बोल्ट ढिले, बुश फाटलेले किंवा एक्सल आणि पाट्यामधले रबर पॅड चुरा झालेले असले तरी रेस देताना एक्सल पिळतो आणि ठोका देतो. पोट जोरात आदळलं असेल तर पाट्याची पानं मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो, आणि यू-बोल्ट घट्ट असल्याने तो वरून कळत नाही. त्यासाठी चाकं जमिनीवर, स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजा. ते ९१ इंच, म्हणजे सुमारे २३११ मिलिमीटर असतं. नेमका आकडा येण्यापेक्षा दोन बाजू सारख्या येणं महत्त्वाचं. ५ मिलिमीटरच्या वर फरक आला तर यू-बोल्ट उतरवून सेंटर बोल्ट बघा.

त्यानंतर गिअरबॉक्सखालचा आडवा आधार (क्रॉसमेंबर) आणि त्याची रबर माउंटिंग. माउंटिंग फाटलं की गिअरबॉक्सचं शेपूट खाली येतं, शाफ्टचा कोन बिघडतो, आणि थरथर शाफ्टची वाटते. अर्थची पट्टीही याच वेळी बघा. गाडीप्रमाणे ती गिअरबॉक्सपाशी किंवा इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगपाशी असते. ती तुटली की स्टार्टरचा करंट चोकच्या तारेतून परतीची वाट शोधतो आणि तार गरम होते.

प्रॉपेलर शाफ्टवर जरा वेळ घालवा. नळीवर चमकदार ओरखडा असेल तर हरकत नाही. नखाला लागेल असा खड्डा असेल तर आहे. डायल गेज मध्यभागी लावून शाफ्ट हाताने फिरवा. अर्धा मिलिमीटरच्या वर हेलकावा आला तर नळी बदलून बॅलन्स करून घ्यायची. हे काम ट्रकांचे शाफ्ट करणारे कारखाने चांगलं करतात. त्यांना फक्त मूळ लांबी लिहून द्या. नळी तापवून सरळ करतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे, तपासायला दोन्ही बाजू हातात धरून पिळा. ढिलाई कळतेच, पण सुकलेला क्रॉस ढिला नसतो. शाफ्ट सोडवून हाताने वाकवला की सरळ रेषेत तो ‘खाचेत’ बसल्यासारखा अडतो. आतल्या सुईसारख्या बेअरिंगनी तिथे घरं केलेली असतात. तोही बदलायचा.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर आणि मधल्या सरकत्या स्प्लाइनवर रंगाने खुणा करा. स्प्लाइन एक दात इकडेतिकडे बसला तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत, आणि नवे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते. प्रत्येक टोकाला चार बोल्ट असतात. चारही एका जागी सुटत नाहीत, गाडी न्यूट्रलला टाकून शाफ्ट फिरवायचा, गिअर टाकून धरायचा.

क्रॉस व्हाइसमध्ये दाबून बसवताना घाई नडते ती एकाच ठिकाणी. टोपीतल्या सुया ग्रीसने चिकटवलेल्या असतात. क्रॉस तिरका शिरला की एक सुई आडवी पडून टोपीच्या तळाशी झोपते. टोपी दोन मिलिमीटर अलीकडेच थांबते, सर्क्लिप बसत नाही, आणि मग हातोडा येतो. हातोडा ठेवा बाजूला, टोपी काढा, सुई उभी करा. दोन्ही सर्क्लिप बसल्यावर क्रॉस जड वाटला तर योकच्या कानावर हलका ठोका द्या, तो मोकळा होतो. ग्रीसचं निप्पल ग्रीस गन पोचेल अशा बाजूला आलंय ना, हे दुसरी टोपी दाबण्याआधीच पाहायचं.

एवढं सगळं ठीक निघालं तरच एक्सलच्या आत. एक चाक जमिनीवर, एक वर ठेवा आणि पिनियनचा फ्लँज हाताने फिरवून चाक हलेपर्यंत किती फिरतो ते बघा. प्ले खूप असला तरी गुणगुण नसेल तर बहुधा डिफरन्शियलमधले थ्रस्ट वॉशर गेलेत. ट्यूब एक्सलमध्ये ते हाऊसिंग न उतरवता बदलता येतात. हाफ शाफ्ट (चाकांना फिरवणारे एक्सलमधले दांडे) बाहेर ओढा, झाकण उघडा, आडव्या पिनची रोल पिन पंचने काढा, पिन बाहेर घ्या आणि छोटे गिअर फिरवून काढा. मोठ्या गिअरमागे फायबरचे, छोट्यांमागे तांबूस धातूचे वाटीदार वॉशर असतात. आडव्या पिनवर नखाला पायरी लागली तर पिनही बदला, नाहीतर नवे वॉशर घालूनही ठोका उरतो. झाकणाच्या तळाशी राखाडी मलम असणं नेहमीचं. चकाकणारे तुकडे निघाले तर इथे थांबा, पुढचं काम क्राउन-पिनियनची सेटिंग जाणणाऱ्याचं आहे.

पिनियनचं सील गळत असेल तरी पिनियनचा नट नुसता सोडून पुन्हा आवळू नका. ट्यूब एक्सलमध्ये त्याखाली चेपणारा स्पेसर असतो. जास्त आवळला की बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि महिन्याभरात गुणगुण सुरू. आधी फ्लँज फिरवायला लागणारा जोर वजनकाट्याने मोजा, नटवर खूण करा, मग सोडा. सील बदलण्याआधी एक्सलच्या वरचा ब्रीदर (हवा जाण्याचं भोक) साफ करा. तो चिखलाने बुजला की तेल सिलांतून बाहेर पडून ब्रेकच्या लायनरवर जातं. पावसाळ्यानंतर तर हमखास.

मागवायच्या यादीत यावं ते असं: दोन क्रॉस, शाफ्टचे आठ बोल्ट आणि नवे सेल्फ-लॉकिंग नट, थ्रस्ट वॉशरचा पूर्ण संच, आडवी पिन व रोल पिन, झाकणाचं पॅकिंग, पिनियन सील, दोन हब सील, गिअरबॉक्स माउंटिंगची जोडी, पाट्यांचे बुश आणि पॅड, दोन सेंटर बोल्ट. तेल इथेच घ्या: ट्यूब एक्सलला ०.८५ लिटर, बॅन्जोला १.२८ लिटर, ९० नंबरचं हायपॉइड. गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल नाही, २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल. आणि कुठलंही तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. खालचा सुटला, सगळं तेल गेलं आणि वरचा हलेना, अशी गाडी गॅरेजात आठ-आठ दिवस उभी असते.

जोडताना पाट्यांच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हब काढले असतील तर डावे-उजवे अदलाबदल होऊ देऊ नका: तारांच्या चाकांना डाव्या बाजूला सुलटे आटे, उजव्या बाजूला उलटे. उलटसुलट बसले तर चालताना नॉक-ऑफ (चाकाचा मधला मोठा नट) आपोआप सैल होऊन चाक निखळतं. पहिले ३० किलोमीटर झाले की शाफ्टचे आठही नट, यू-बोल्ट आणि नॉक-ऑफ पुन्हा तपासा. एक्सल हाताला गरम लागला तर चालतं. हात ठेववत नसेल तर तेलाची पातळी आणि हबचं बेअरिंग आधी बघा.