वाय-फायची यादी कोरी आली तर आधी लोकेशन बघा

सांगलीत राउटर बसवायचे आणि 'मागच्या खोलीत रेंज येत नाही' या तक्रारीवर इलाज करायचा, हा माझा धंदा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कामाचा लॅपटॉप ११ वर नेला, २४एच२ आवृत्ती. त्याच आठवड्यात एका डॉक्टरांच्या घरी जिन्यात बसून स्कॅनर, म्हणजे आजूबाजूची वाय-फाय नेटवर्क दाखवणारं टूल, उघडला तर यादी कोरी! फोनवर मात्र तेरा नेटवर्क दिसत होती.

टूल काढून परत टाकलं. दुसरं उतरवलं, मग तिसरं. तिन्ही कोरी. डॉक्टरीणबाई दोनदा डोकावून गेल्या. तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली टूल एकाच दुपारी कशी बिघडतील, हे डोक्यात यायला चहा संपावा लागला.

तर नवीन टूल शोधायच्या आधी खुद्द विंडोजलाच विचारा. त्याच संध्याकाळी भाच्याचा पुण्याहून फोन आला, त्याच्या हॉस्टेलवर हेच रडगाणं. त्याला सांगितलं तेच सांगतो. 'स्टार्टमध्ये सीएमडी टाइप कर, काळी खिडकी उघडेल. लिही: नेटएसएच, जागा सोड, डब्ल्यूलॅन, जागा, शो, जागा, नेटवर्क्स, जागा, मोड, त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह, लगेच बीएसएसआयडी. एंटर.'

'मामा, लोकेशन परमिशन पाहिजे म्हणतंय.'

हीच मेख आहे. बीएसएसआयडी म्हणजे प्रत्येक राउटरचा स्वतःचा नंबर. आजूबाजूचे असे चार नंबर कळले की तुम्ही कुठे बसलाय हे काढता येतं, म्हणून २४एच२ पासून ही यादी लोकेशनच्या परवानगीमागे गेली. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन इथे जा. वरचं मुख्य बटण चालू करा, त्याखालचं अ‍ॅप्सचं करा, आणि यादीच्या तळाशी डेस्कटॉप अ‍ॅप्सचं वेगळं बटण असतं तेही करा. हे तळातलं बटण हटकून राहतं. भाच्याचंही राहिलं होतं.

'आता आलं, पण एकच नाव दिसतंय. आमचंच.'

'अरे, खाली घड्याळाशेजारी वाय-फायच्या चिन्हावर टिचकी मार, नेटवर्कची यादी उघड, दहा सेकंद थांब आणि तीच कमांड परत दे.' कमांड स्वतः शोधायला निघत नाही, आधी सापडलेलं वाचून दाखवते. यादी उघडली की विंडोज नव्याने शोध घेतं.

आता कमांडमध्ये नेटवर्क दिसतात, टूलमध्ये नाहीत, असं असेल तरच टूल बदला. मी निरसॉफ्टचं वायफायइन्फोव्ह्यू वापरतो. फुकट आहे, झिप उघडली की चालतं, आणि विंडोजच्याच वाय-फाय यंत्रणेकडून माहिती घेतं, स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, घुसवत नाही. निवडताना मी हेच आधी बघतो. विंडोज एक्सपीच्या काळात आम्ही सगळे नेटस्टंबलर हाच स्कॅनर वापरायचो. व्हिस्टा आलं, आतली वाय-फायची रचना बदलली आणि तो आंधळा झाला. व्हिस्टंबलर हा दुसरा स्कॅनर मात्र वरच्याच कमांडचं उत्तर वाचून दाखवायचा, म्हणून चालला. आर्म प्रोसेसरचा लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर मागणाऱ्या जुन्या टूलच्या नादी लागूच नका. साधे प्रोग्रॅम तिथे चालवून घेता येतात, जुने ड्रायव्हर नाही.

फोनला दिसणारं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क लॅपटॉपला दिसत नसेल तर दोष कार्डाचाही असू शकतो. त्याच खिडकीत शेवटी नेटवर्क्स, मोड वगैरेऐवजी नुसतं ड्रायव्हर्स लिहा. रेडिओ प्रकारांत ८०२.११ च्या पुढे फक्त बी, जी, एन दिसलं तर ते कार्ड बहुधा २.४ वालंच.

कमांड सिग्नल टक्क्यांत देते, टूल डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात. १०० टक्के म्हणजे उणे ५०, शून्य म्हणजे उणे १००. म्हणजे ६० टक्के दिसलं की उणे ७० धरा. व्हिडिओ कॉलला तिथून पुढे कुरकुर सुरू होते.

मॅकवाल्यांची अशीच यादी देणारी जुनी एअरपोर्ट कमांड मॅकओएस सोनोमा १४.४ पासून बाद झाली. ऑप्शन बटण दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा, वायरलेस डायग्नोस्टिक्स उघडा, विंडो मेनूत स्कॅन आहे. अँड्रॉइडवर ९ पासून अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येतं, त्यामुळे आकडे गोठल्यासारखे वाटतात. १० किंवा पुढचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वाय-फाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करा.

डॉक्टरांच्या जिन्यात ६ नंबरच्या चॅनलवर सात राउटर गर्दी करून बसले होते. डॉक्टरांचा राउटर ११ नंबरच्या चॅनलवर नेला आणि पैसे घेऊन निघालो. आणि जे मी काढून परत टाकलं होतं ते पहिलं टूल, तेही आता व्यवस्थित चालतंय.