भरतीच्या पोरांना लुटीचा नियम कसा शिकवायचा

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात भरतीच्या पोरांची काय कमी नाही, सैनिक टाकळीसारखं गाव आहे जिथं घरटी फौजी, पण रनिंग, पुलअप आणि लेखीची तयारी करून घेतली की आपण मोकळे होतो. लढाईत लोकांच्या वस्तूला हात लावायचा नसतो हे त्यांना कोण सांगतच नाही. मी रविवारी तासभर त्याच्यावर घेतो, तुम्हीपण घ्या, कसं घ्यायचं ते सांगतो.

सुरुवात कलमांनी करू नका, पोरं जांभया देतात. पुरापासून सुरू करा. 2019 ला शिरोळ भागातली माणसं घराला कुलूप लावून निघाली तेव्हा जीवाला एकच घोर होता, मागं घराचं काय होईल, हे पोरांनी डोळ्यानं बघितलंय. मग आपलं मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवा आणि विचारा, तू वर्दीत आहेस, असल्याच रिकाम्या घरात शिरलास, मालक पळून गेलाय, कोनाड्यात हे घड्याळ दिसलं, घेशील का? चार-पाच जण तरी म्हणतात, सर शत्रूचंच आहे की. इथं घाई करू नका, घड्याळवाला सैनिक नव्हता हे त्यांच्या तोंडून येऊ दे.

मग नियम सांगा. लढाईत सामान्य माणसांना जपण्यासाठी देशादेशांत झालेल्या 1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलम 33 मध्ये लुटीला मनाई आहे, एका ओळीत, जर-तर काही नाही. 1907 च्या हेग नियमांत, म्हणजे लढाई कशी करायची त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, तर हल्ला करून जिंकलेलं गावसुद्धा लुटायचं नाही असं आहे. आपल्याकडं 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये लुटीसाठी कुणाच्या घरात घुसलं आणि ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे लढाईच्या कामगिरीवर, असलं तर 14 वर्षांपर्यंत कैद आहे, हा आकडा सांगितला की वर्ग गप्प होतो.

पोरं अडकतात ती बंदुकीवर. शत्रूच्या फौजेची हत्यारं, दारूगोळा, गाड्या ताब्यात घेता येतात, पण ते सगळं सरकारजमा, घरी आठवण म्हणून आणायचं नाही. कैदी पकडला तर त्याचं घड्याळ, अंगठी, फोटो त्याच्याकडंच राहतं, हेल्मेटसुद्धा, आणि पैसे घ्यायचे झाले तर अधिकाऱ्याच्या हुकमानं, रजिस्टरला नोंद करून, पावती देऊन. मेलेल्याच्या अंगावरचं ओरबाडणंसुद्धा गुन्हाच.

छोट्या वस्तूनं काय होतंय असं कोण म्हणालं तर बोगोरो सांगा. काँगोतलं गाव, 2003 ला हल्ला झाला, घरांचे पत्रेसुद्धा उचकटून नेले. 2014 ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं तिथल्या सशस्त्र टोळीचा म्होरक्या जर्मेन काटांगाला दोषी धरलं त्यात खुनाबरोबर लूट पण होती. पत्रा गेला की पावसात पोराबाळांना घेऊन माणूस बसणार कुठं, हे आपल्या पोरांना समजवावं लागत नाही.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या फौजेला लिहिलेलं पत्र जरूर सांगा. कुणब्याचं दाणे, गवत, भाजी काही उचलू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, नाहीतर रयत म्हणेल तुमच्यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा अर्थ. माझ्या वर्गात हे ऐकताना पोरं ताठ बसतात. कोणतरी मग सुरतेचं विचारणारच, टाळू नका. सुरत लुटली हे खरं आहे, त्या काळी जगभर फौजा तशाच चालायच्या, आजचा कायदा नंतर आला असं सरळ सांगा.

साहेबांनी हुकूम दिला तर? हा प्रश्न पण येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन नेत्यांवर न्यूरेंबर्गला खटला चालला, त्याच्या 1945 च्या सनदेतच लूट युद्धगुन्ह्यात घातली होती आणि वरून हुकूम होता म्हणून सुटका नाही हेपण लिहिलं होतं.

शेवटची पंधरा मिनिटं पावती लिहायला द्या. कारण ताब्यातल्या गावातून फौजेच्या गरजेपुरतं धान्य घेता येतं, पण तिथल्या कमांडरच्या हुकमानं, गावाला झेपेल एवढंच आणि रोख देऊन, रोख नसेल तर पावती देऊन आणि पैसे लवकरात लवकर. गाव, तारीख, काय घेतलं, किती, कुठल्या युनिटनं, सही. परवा एकानं झकास अक्षरात लिहिलं, तांदूळ 2 पोती, खाली सही, आणि मालकाचं नावच नाही. मी विचारलं पैसे कुणाला मिळणार रे? त्यानं कागद परत घेतला, बराच वेळ बघत बसला आणि सगळ्यात वर नाव लिहिलं.