सेवाकार्यात खचलेल्या तरुण सेवकासाठी

गावोगावी सुवार्तेसाठी, म्हणजे येशूचा संदेश सांगण्यासाठी, फिरणाऱ्या तरुण सेवकाचा विश्वास मोठ्या छळापेक्षा ताप, अर्धपोटी दिवस, एकटेपणा आणि तोंडावर लावली जाणारी दारे यांनीच अधिक डळमळतो, म्हणून प्रथम शरीराकडे पाहावे. बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या अध्याय १९ मध्ये झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले आणि तो पुन्हा झोपल्यावर दुसऱ्यांदा खाण्यासाठीच उठवले. प्रार्थना सुचेनाशी झाली, तर बायबलमधील स्तोत्र १३ किंवा ८८ मोठ्याने वाचावे. ८८वे तर अंधारातच संपते, त्यामुळे उसने समाधान दाखवावे लागत नाही. शिवाय आपली खरी अवस्था (आपल्या चर्चच्या मंडळीला पाठवायच्या अहवालात ती सहसा उतरत नाही) एखाद्या अनुभवी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, दर आठवड्याला मोकळेपणाने सांगावी.